कामाचा खाडा

रात्री साडेनऊला फोन वाजतो,
किंवा वाजत नाही.
पिठाच्या डब्यावर उताणा पडलेला असतो तो,
घरात रेंज तेवढी तिथंच येते.
वाजला तर मुनीम :
दासरी, उद्या येऊ नको, सूत आलं नाही.
नाही वाजला, तर जायचं.
म्हणजे आमच्या घरचा आनंद
हा न वाजलेल्या फोनचा,
आणि तो करताही येत नाही धड,
कारण एकदा पावणेअकराला वाजला होता.

विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं,
पण सांगून येतं.
अम्मा हंडे भरते, बादल्या, कुकर,
माझा शाळेतला डबासुद्धा.
काम असं भरून ठेवता आलं असतं तर
दिवाळीआधीच्या चार रात्रपाळ्या
झाकण लावून ठेवल्या असत्या
मे महिन्यासाठी.

खाडा माणूस करतो, असं मला वाटायचं.
अक्कलकोट रोडला काम खाडा करतं
आणि वहीत तो नानांच्या नावावर लागतो.

बावीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढलेला माणूस
घरीही ओरडूनच बोलतो.
मीठ दे, म्हटलं तरी
पाहुण्यांना वाटतं भांडण लागलं.
आम्हाला त्याचं काही नाही.
आम्ही घाबरतो ते
बंदच्या दिवशी नाना हळू बोलतात तेव्हा.
मीठसुद्धा मागत नाहीत,
कडक भाकरी शेंगाचटणीत नुसती फिरवत बसतात.
मग चालता पंखा खाली उतरवतात,
त्याचे स्क्रू वाटीत काढतात, पुसतात, परत लावतात.
अम्माच्या सुपाशी बसतात
दोरा गुंडाळायला.
बोटं जाड. ब्रँचमध्ये छाट निघते.
सोळा विड्यांवरून
दोन दिवस अबोला.

मला बघायला आलेल्यांनी विचारलं, वडील काय करतात?
अम्मा म्हणाली, मागावर असतात.
आहेत, म्हणाली नाही.
मीही युनिफॉर्म शिवते,
शाळा उघडेपर्यंत.

गुरुवारी विनायकनं वही पुढं केली,
सहल नळदुर्गला, अडीचशे रुपये, शनिवारपर्यंत.
नाना म्हणाले, बघू.
हळू म्हणाले.
विनायक नववीत आहे,
त्याला "बघू"चा अर्थ पाठ आहे.

त्या रात्री फोन वाजला नाही.
साडेनऊ, दहा, अकरा.
अम्मानं देवासमोरचा दिवा थोडा मोठा केला.
नाना पहाटे उठले,
सायकलला हवा भरली,
दोन भाकऱ्या फडक्यात.

पीठ काढायला गेले तर
डब्यावर फोन नव्हता.
माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडला,
आजोबांच्या धोतराखाली,
जिथं रेंज कधीच येत नाही.
हातात घेऊन दारात आले
तसे मेसेज धडाधड पडू लागले,
मुनीमचे तीन मिस्ड कॉल.
विनायक पांघरुणात होता.
जागा होता. पांघरूण जागं दिसतं.

मी ओरडले नाही.
मला बारा वर्षांची मी आठवले :
कॅलेंडरवरच्या पुढच्या सगळ्या तारखांवर
पेन्सिलीनं "काम" लिहून ठेवणारी.

आठ वाजता सायकलची घंटी.
चार मैल जाऊन, बंद फाटक बघून,
चार मैल परत.
अम्माची बोटं सुपात थांबली.
विनायकनं कधी नव्हे ते गणिताचं पुस्तक उघडलं.

नाना उंबऱ्यात उभे राहिले.
फोनकडं पाहिलं, माळ्याकडं पाहिलं,
पुस्तक उलटं धरलेल्या पोराकडं.
आणि गल्ली दणाणेल एवढ्या आवाजात म्हणाले,
चहा टाका गं,
आज लवकर सुटलो.

अडीचशेचं अजून काही ठरलेलं नाही.
पंखा मात्र आज उतरवला नाही.